तेंच तें गाणें

कोणती गोष्ट एकदां केली म्हणजे पुरे वाटते आणि कोणती पुन्हां पुन्हां करावीशी वाटते, यावरून माणसाची पारख करावी असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. कालचें वर्तमानपत्र आज कोणी वाचीत नाहीं. गूढकथेंतला खुनी एकदां कळला म्हणजे तें पुस्तक रद्दीच्या वाटेस लागतें. आम्ही वर्गांत दरवर्षीं तेंच नाटक शिकवितों हें खरें. पण त्याबद्दल आम्हांस पगार मिळतो, म्हणून ती गोष्ट जमेस धरतां येत नाहीं. गाण्याचा प्रकार मात्र सर्वस्वीं निराळा आहे. जें गाणें हजार वेळां ऐकलें, ज्याच्या प्रत्येक वळणावर पुढें काय येणार हें ठाऊक आहे, तेंच एक हजार एकाव्या वेळीं ऐकण्याकरितां माणूस पदरमोड करतो, दूरचा प्रवास करतो, तीन तास उभ्यानें काढतो आणि घरीं येऊन समाधानानें झोंपतो. पाश्चात्य रॉक-संगीतांतील जुन्या बँडांचे जे चाहते आहेत, त्यांच्या ठायीं ही वृत्ति इतक्या टोकास गेलेली आहे कीं, तिचा एकदां नीट विचार करावा असें मनांत आलें.

विचारास निमित्त झाले आमचे एक तरुण सहकारी. ह्या मंडळीविषयीं बोलणें निघालें असतां त्यांनीं चहाचा पेला खालीं ठेवीत निकाल दिला, "सर, हें संगीतप्रेम नव्हे, हें तारुण्याचें वर्षश्राद्ध आहे." वाक्य चटकदार होतें, आणि चटकदार वाक्याचा प्रतिवाद तिथल्या तिथें करतां येत नाहीं असा आमचा अनुभव आहे. म्हणून तो येथें सावकाशीनें करीत आहों.

त्यांच्या बाजूनें पुरावा नाहीं असें नाहीं. रोलिंग स्टोन्स हा बँड १९६२ सालीं लंडनमध्यें उभा राहिला. २०२४ सालीं त्यानें अमेरिकेचा दौरा काढला तेव्हां त्याचा मुख्य गायक मिक जॅगर ऐंशी वर्षांचा होऊन गेला होता. आणि ह्या दौऱ्याचा आश्रयदाता कोण, तर पन्नाशी उलटलेल्या नागरिकांच्या हिताकरितां काम करणारी एएआरपी ही तेथील सुप्रसिद्ध संस्था! ज्या संगीताचा जन्म निम्मा तरी वडीलधाऱ्यांना चिडविण्याकरितां झाला, तें अखेर वडीलधाऱ्यांच्याच संघटनेच्या छत्राखालीं येऊन बसलें. दुसरें उदाहरण लेड झेपेलिनचें. ढोलवादक जॉन बॉनम १९८० सालीं वारला आणि बँड मोडला. पुढें १० डिसेंबर २००७ रोजीं, एका रात्रीपुरते, उरलेले तिघे व बॉनमचा मुलगा असे लंडनमध्यें एकत्र वाजविण्यास बसले. सभागृहांत जागा वीस हजारांच्या आसपास. तिकिटांकरितां आलेल्या मागण्या दोन कोटींवर असल्याचें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. सत्तावीस वर्षांपूर्वीं मोडलेल्या बँडसाठीं एवढे लोक वाट पाहात बसले होते. सहकाऱ्यांचें म्हणणें असें कीं, ते बँडची नव्हे, स्वतःच्या विसाव्या वर्षाची वाट पाहात होते.

आतां, केवळ तारुण्याची आठवण हवी असेल तर ती घरबसल्या मिळते. ध्वनिमुद्रिका लावावी, त्यांत गायकाचा आवाज अजून पंचविशींतला आहे, एकहि सूर घसरलेला नाहीं, आणि पाय दुखत नाहींत. ज्यास आपलें जुनें सुख जसेंच्या तसें परत पाहिजे, तो जलशास जाईलच कशाला? तेथें त्याला सुरकुतलेला गायक व उतरलेली पट्टी पाहावी लागते. जो जातो त्याला दुसरें कांहीं तरी हवें असलें पाहिजे. तें काय, हें समजून घेण्यास ग्रेटफुल डेड ह्या बँडच्या चाहत्यांकडे जावें. इतरांच्या ठिकाणीं जें अर्धवट दिसतें तें ह्यांच्या ठिकाणीं पूर्णपणें दिसतें.

हा बँड १९६५ सालीं कॅलिफोर्नियांत, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत निघाला आणि त्याचा गिटारवादक व गायक जेरी गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ रोजीं वारला तेव्हां त्या नांवानें वाजविणें थांबलें. मधल्या तीस वर्षांत त्यानें सुमारें २,३०० जलसे केले. त्याचें नांव ध्वनिमुद्रिकांच्या खपावर चाललें नाहीं, जलशांवर चाललें. आज कोणतीं गाणीं वाजवावयाचीं, कोणत्या क्रमानें, कोणतें गाणें दुसऱ्यांत केव्हां मिसळावयाचें, हें पुष्कळदां व्यासपीठावरच ठरे. 'डार्क स्टार' हें त्यांचें गाणें १९६८ सालीं छापील तबकडीवर आलें तेव्हां तीन मिनिटांहून लहान होतें. पुढच्याच वर्षीं निघालेल्या जलशाच्या मुद्रणांत तेंच तेवीस मिनिटें चालतें. श्रोता घरून निघे तो अमुक एक गाणें ऐकावयास नव्हे, तर त्या गाण्याचें आज काय होतें हें पाहावयास.

आणि मग एक गंमत झाली. श्रोत्यांपैकीं कांहींजण आपलीं मुद्रणयंत्रें जलशांत आणूं लागले. दुसरा कोणताहि बँड असता तर दारावरच यंत्र जप्त झालें असतें. ह्यांनीं आधीं काणाडोळा केला, आणि ऑक्टोबर १९८४ पासून तर मुद्रण करणाऱ्यांकरितां स्वतंत्र जागा व स्वतंत्र तिकिटें ठेविलीं. मनोऱ्यासारखे उंच दांडे, त्यांवर मायक्रोफोन, खालीं मुकाट्यानें काटे पाहात बसलेली माणसें, असा हा विभाग असे. अट एकच: टेप विकावयाची नाहीं, बदलावयाची. नवख्या माणसानें कोऱ्या कॅसेटी व परतीचें टपाल धाडावें आणि अनोळखी माणसानें त्या भरून परत पाठवाव्या, असा हा व्यवहार. ज्या देशांत पाण्याच्या बाटलीपासून वैकुंठापर्यंत सर्व कांहीं विकत मिळतें, तेथें हजारों माणसें वर्षानुवर्षें एकमेकांस संगीत फुकट देत राहिलीं, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अध्यापकांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

आम्हांस ह्यांत विशेष गोडी वाटते ती धंद्याच्या नात्यानें. ह्या टेपांभोंवतीं जी विद्वत्ता जमली ती सर्वस्वीं आमच्या ओळखीची आहे. कोणत्या रात्रीचा पाठ शुद्ध, कोणत्या प्रतींत दुसरी बाजू अपुरी, कोणती प्रत मूळ मुद्रणावरून केलेली व कोणती प्रतीची प्रत, ह्याची चिकित्सा हे लोक अशा चिकाटीनें करतात कीं, महाभारताची चिकित्सक आवृत्ति तयार करणाऱ्या पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील पंडितांनीं त्यांना पाट मांडून बसविलें असतें. ८ मे १९७७ रोजीं कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्यें झालेला जलसा त्यांच्यांत सर्वांत गाजलेला. बँडच्याच ध्वनितज्ज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनीं केलेलें त्याचें मुद्रण वर्षानुवर्षें हातोहात फिरत राहिलें. २०११ सालच्या यादींत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें त्याला राष्ट्रीय ध्वनिसंग्रहांत स्थान दिलें. आणि त्याची अधिकृत तबकडी बाजारांत आली ती २०१७ सालीं! म्हणजे राष्ट्रानें ठेवा म्हणून मान्य केलेली ही वस्तु त्या वेळीं कोणत्याहि दुकानांत मिळत नव्हती. ती होती फक्त चाहत्यांच्या कपाटांत. २००८ सालीं बँडनें आपलें सगळें दप्तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेस देऊन टाकलें, तेव्हां तर ह्या भक्तीवर विद्यापीठाचाहि शिक्का पडला.

ह्या बँडचा आमच्याकडील संगीताशीं एक खराखुरा धागा आहे, तो येथें सांगितला पाहिजे. त्यांच्या दोन ढोलवादकांपैकीं मिकी हार्ट हे उस्ताद अल्लारखा यांच्या विद्येकडे ओढले गेले, आणि पुढें उस्तादांचे चिरंजीव झाकिर हुसेन, आपल्या माहीमचे, यांच्याशीं त्यांची जन्माची मैत्री जडली. १९७६ सालीं निघालेल्या 'दिगा' ह्या तबकडींत दोघेहि आहेत, आणि गार्सियाची गिटारहि आहे. दोघांचा सहभाग असलेल्या १९९१ सालच्या 'प्लॅनेट ड्रम'ला जागतिक संगीत ह्या विभागांतील पहिलें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. तेच गाणें, पण आज तें कोठें जातें हें पाहावयाचें, ही दृष्टि ज्यांना आमच्या बैठकींत उपजत मिळते, त्यांना ह्या लांबलचक केसांच्या मंडळीचें गाणें परकें वाटण्याचें कारण नाहीं. तोच राग, तीच चीज, आणि तरी काल व आज यांत अंतर. हें आम्हांस कोणी शिकवावें लागत नाहीं. रॉकच्या श्रोत्यांना तें ह्या बँडनें शिकविलें.

आम्हांस मात्र हा बँड भेटला तो वसतिगृहांतील एका मित्रामुळें. त्याचे मामा अमेरिकेंत असत. ते येतांना चॉकलेटें आणीत नसत, कॅसेटी आणीत. आणि त्यांच्या कव्हरांवर गाण्यांच्या नांवांऐवजीं नुसती गांवांचीं नांवें व तारखा असत. परीक्षेच्या आदल्या रात्रीं तो आम्हांस एकाच गाण्याचीं तीन रूपें ऐकवून कोणतें चांगलें हें विचारी. १९९२ सालीं तो नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियास गेला. पहिलीं तीन वर्षें त्याचीं पत्रें कोरडीं होतीं: भाडें अमुक, थंडी तमुक, शेजाऱ्यांचें नांव अजून ठाऊक नाहीं. मग ऑगस्ट १९९५ मध्यें गार्सिया वारला आणि आठ पृष्ठांचें पत्र आलें. १३ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कांत हजारों माणसें शोकासाठीं जमलीं, त्यांत हाहि गेला होता. ढोल वाजत होते, लोक रडत होते, नाचत होते, आणि ज्याला तोपर्यंत कधीं पाहिलें नव्हतें अशा एका म्हाताऱ्या सुतारानें त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला सर्व गोष्ट विचारली: कोठून आलास, पहिली टेप कोणती, ती कोणी दिली. पत्राच्या शेवटीं त्यानें लिहिलें होतें कीं, ह्या देशांत येऊन तीन वर्षें झालीं, पण सुतक पाळावें असें माणूस आज पहिल्यांदा गेलें, आणि सुतक असतें तेथें भाऊबंदकीहि असतेच.

हें वाक्य आम्ही आजवर विसरलों नाहीं. माणसाला परक्या मुलखांत घर मिळतें, नोकरी मिळते, नागरिकत्वहि मिळतें. सुतकाचे वाटेकरी मात्र सहजासहजीं मिळत नाहींत. त्या दिवशीं जमलेली जी आठ माणसें त्याची झालीं, त्यांच्याबरोबर तो पुढचीं तीस वर्षें जलशांस जात आला आहे. त्यांत सुतार होता, एक परिचारिका आहे, एक शाळेची बस चालवितो. आठांचे आतां पांच उरले आहेत.

आमचा स्वतःचा अनुभव इतका भाग्याचा नाहीं, पण अगदींच रिता नाहीं. ७ एप्रिल २००३ रोजीं मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्स आले तेव्हां आम्ही गर्दींत उभे होतों. जॅगर त्या वेळीं ५९ वर्षांचा होता, म्हणजे ज्या वयाकडे आतां आमची पावलें वळलीं आहेत तेंच वय. एप्रिलचा उकाडा, घामेजलेले सदरे, शेजारीं एक पांढऱ्या केसांचे पारशी गृहस्थ आणि त्यांची विशींतली मुलगी. ज्या तबकड्या आम्ही झिजवून ऐकल्या होत्या, त्यांतला एकहि सूर तबकडींतल्याप्रमाणें लागला नाहीं. कोठें लय धांवली, कोठें शब्द गिळले गेले. आणि मागें चार्ली वॉट्स, बँकेंतील हिशेबनीसाच्या चेहऱ्यानें, ढोलावर ताल धरून बसलेला. तो २०२१ सालीं वारला. त्या रात्रीं प्रथम आमच्या ध्यानांत आलें कीं, तबकडींतलें गाणें चुकूं शकत नाहीं, म्हणून तें आपल्याला कांहीं मागत नाहीं. समोरचें गाणें केव्हांहि पडूं शकतें. तें पडूं नये म्हणून हजारों माणसें श्वास रोखून त्याला खांदा देतात. जलशाचें सुख ह्या खांदा देण्यांत आहे. बालगंधर्वांच्या नाटकांत आमचे आजोबा 'वन्समोअर' देत तेंहि पहिलें गाणें कमी पडलें म्हणून नव्हे. दुसऱ्यांदां त्यांत आपलाहि हात लागावा म्हणून.

एवढ्यावरून ही भक्ति निर्मळच आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. गर्दीचें प्रेम आंधळें असतें. ६ डिसेंबर १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांत आल्टामाँट येथें रोलिंग स्टोन्स गात असतां व्यासपीठापुढेंच एका तरुणाचा भोंसकून खून झाला. ३ डिसेंबर १९७९ रोजीं सिनसिनाटी येथें 'द हू' ह्या बँडच्या जलशाच्या दारांत चेंगराचेंगरी होऊन ११ श्रोते मेले. आणि ज्यांची आम्हीं एवढी स्तुति केली त्या डेडच्या भक्तांनींहि २ जुलै १९९५ रोजीं इंडियाना राज्यांत तिकिटांवांचून कुंपण मोडून आंत घुसण्याचा पराक्रम केला. दुसऱ्या दिवशींचा जलसा रद्द करावा लागला, आणि बँडला आपल्याच माणसांची कानउघाडणी करणारें पत्र लिहावें लागलें. प्रेमाला हक्काची भाषा आली कीं त्याचें असेंच होतें. शिवाय तिकिटांचे दर! जी मंडळी एके काळीं संगीत फुकट वांटीत होती, तिलाच पुढें एका रात्रीकरितां महिन्याच्या भाड्याएवढी रक्कम मोजतांना पाहून दुःख होतें. निष्ठेची किंमत बाजाराला कळली, ही निष्ठेच्या दृष्टीनें चांगली बातमी नव्हे.

आतां सहकाऱ्यांच्या मूळ आक्षेपाकडे वळूं. मूळ वादक गेले, मग उरतें काय? लंडनमध्यें मे २०२२ पासून आबा ह्या स्वीडिश गायकवृंदाचा एक प्रयोग सुरू झाला. त्यांत गायकांच्या जागीं त्यांच्या तरुणपणाच्या चित्राकृति गातात. गाणें बिनचूक, चेहरे टवटवीत. सहकाऱ्यांच्या 'वर्षश्राद्धा'ची उपमा कोठें लागू पडत असेल तर ती येथें. उलट ग्रेटफुल डेडच्या साठाव्या वर्षानिमित्त १ ते ३ ऑगस्ट २०२५ ह्या दिवशीं त्याच गोल्डन गेट पार्कांत जे जलसे झाले, त्यांत जुन्यांपैकीं बॉब वेअर व मिकी हार्ट होते, आणि गार्सियाच्या जागीं गिटार घेऊन उभा होता जॉन मेयर. हा मेयर १९७७ सालच्या ऑक्टोबरांत जन्मला. म्हणजे कॉर्नेलचा तो गाजलेला जलसा झाला तेव्हां तो अजून आईच्या पोटांत होता. तो गार्सियाची नक्कल करीत नाहीं. आपल्या परीनें वाजवितो, आणि भक्त त्यावर पूर्वीं इतक्याच आवेशानें भांडतात. जेथें भांडण चालू आहे तेथें श्राद्ध म्हणतां येत नाहीं. तो संसार आहे.

आमचा मित्र ह्या तिन्ही दिवशीं तेथें होता. त्याच्या दोन्ही कानांस आतां यंत्रें आहेत. वरचे सूर त्याला ऐकूं येत नाहींत, असें डॉक्टरांनीं आलेख काढून दाखविलें आहे. आणि इतकीं वर्षें ध्वनिक्षेपकांपुढें उभें राहिल्याचा त्यांत वाटा असावा, हें तोहि नाकारीत नाहीं. आम्हीं फोनवर विचारलें, "अरे, मग ऐकतोस तरी काय?" तो म्हणाला, "निम्मं समोरून येतं. उरलेलं माझ्याकडे जमा आहे, ते मी घालतो."

ह्या उत्तरावर आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत आहों. एकच गाणें हजार वेळां ऐकणाऱ्या माणसास आपण पुनरुक्तीचा कंटाळा नसलेला, थोडा मंदबुद्धि समजतों. पण तो काय करीत होता, तर पुंजी सांठवीत होता. वय झालें कीं कान, डोळे, दांत हळूहळू आपला भाग काढून घेतात; जें एकदांच पाहिलें, एकदांच वाचलें तें त्यांच्याबरोबर जातें. जें पुन्हां पुन्हां केलें तेंच काय तें आपल्या पदरीं राहतें, आणि समोरून निम्मेंच आलें तरी त्याचें पुरें करून घेतां येतें. आमच्या आजीला शेवटीं शेवटीं कांहीं ऐकूं येत नसे; तरी काकडआरतीच्या वेळीं तिचे ओठ बरोबर हलत.

गेल्या महिन्यांत मित्राकडून एक पुडकें आलें. जुन्या कॅसेटींची फीत सुटूं लागली आहे, म्हणून त्यानें त्या उतरवून एका लहानशा पेटींत भरून धाडल्या आहेत. वर कागदाच्या चिठोऱ्यावर त्याच्या हातच्या तारखा व गांवांचीं नांवें आहेत. तिचें मोल विचारलें तर कोरी पेटी व परतीचें टपाल धाड, असें उत्तर आलें. त्यांत एकाच गाण्याचीं चौदा रूपें आहेत. आम्हीं आतांपर्यंत नऊ ऐकलीं. सहावें सर्वांत चांगलें असें आमचें मत झालें आहे आणि तें आम्हीं त्याला कळविलें आहे. त्याला तें मुळींच मान्य नाहीं.